दाबण्याआधी चाचपणारा हात

साल १९१२. तुम्ही जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर, रुसुत्सू गावात उभे आहात. नामिकोशी कुटुंब दक्षिणेकडचं शिकोकू बेट सोडून नुकतंच या कडाक्याच्या थंडीत आलंय. आईचे गुडघे ठणकू लागलेत; बघता बघता दुखणं घोट्यांत, मनगटांत, खांद्यांत पसरतं. मुलं आळीपाळीनं तिचं अंग चोळतात. तिला जास्त आराम पडतो तो सात वर्षांच्या तोकुजिरोच्या हातानं. त्याची बोटं नीट पाहा. कातडी कुठे गार लागते, स्नायू कुठे घट्ट झालाय, हे ती शोधताहेत आणि नेमकं तिथेच दाबताहेत. आई यानंच बरी झाली, असं तो पुढे आयुष्यभर सांगणार आहे.

१९२५ मध्ये या. होक्काइडोतल्याच मुरोरानला त्याच तोकुजिरोनं शियात्सूचा, म्हणजे बोटांच्या दाबानं करायच्या उपचाराचा, दवाखाना उघडलाय. १९४० मध्ये या, तोक्योत त्याची शाळा सुरू झालीय. आता तुम्हीच गादीवर पालथे पडा. कपडे अंगावर राहू द्या. तेल लागत नाही. शेजारी गुडघ्यांवर बसलेला माणूस हाताचा जोर लावत नाही, स्वतःच्या शरीराचा भार अंगठ्यांवर सावकाश सोडतो. दाब सरळ खाली उतरतो, काही सेकंद टिकतो, तितक्याच सावकाश उचलला जातो. अंगठे कण्याच्या कडेकडेनं खाली सरकतात. एका जागी तुमचा श्वास अडतो. त्यांना ते लगेच कळतं आणि दाब हलका होतो. तपासणी आणि उपचार एकाच हातानं, हीच नामिकोशींची शिकवण.

१९५४ साली तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलात पोटदुखीनं हैराण झालेल्या अभिनेत्री मेरिलिन मन्रोवर नामिकोशी उपचार करतात. पुढच्याच वर्षी जपानी कायद्यात शियात्सूचं नाव येतं.

आता आजच्या दिवसात या. शियात्सूनं आखडलेली मान मोकळी होते, मन निवतं, झोप नीट लागते, असं अनेक जण सांगतात. संशोधनाचा आधार अजून तोकडा आहे, म्हणून शियात्सूला औषधोपचारांचा पर्याय मानू नका. हाड मोडलं असेल, रक्ताची गुठळी असेल, ताप किंवा जखम असेल, तर दाब नकोच. गरोदरपणात आधी डॉक्टरांना विचारा.

घरात कुणाचे खांदे दाबायला बसलात, तर ताकद दाखवू नका. आधी चाचपा, किती सोसवतंय ते विचारा, मगच अंगठा टेकवा.