खंड्या आणि त्याचा मालक

मैत्रिणींनो, ओढ्याकाठी तारेवर बसलेला निळा खंड्या आपण सगळ्यांनीच पाहिलाय. त्याचं चित्र बाटलीवर लावून विकली जाणारी बिअर म्हणजे किंगफिशर. ती विकायला माणसांचे चेहरे कसे वापरले गेले, ते आज आम्ही सांगणार आहोत.

युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी १९१५ सालची, एका स्कॉटिश माणसाने दक्षिण भारतात उभी केलेली. पुढे ती विठ्ठल मल्ल्यांकडे आली आणि १९८३ मध्ये त्यांचा मुलगा विजय अध्यक्ष झाला. वडील प्रसिद्धीपासून लांब राहणारे, मुलगा नेमका उलटा. शर्यतीचे घोडे, जुन्या मोटारी, मेजवान्या, कानात हिरा. 'किंग ऑफ गुड टाइम्स' हे खरं तर बिअरचं घोषवाक्य. लोक ते मालकालाच लावू लागले.

यात हौस होतीच, पण हिशोबही होता. २००० साली केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला आणि दारूच्या जाहिरातींना मनाई आली. बाटली दाखवायची नाही, मग मालक दाखवा! त्याच्या मेजवानीचा फोटो पेपरात बातमी म्हणून छापून येतो, जाहिरातीचे पैसे पडत नाहीत. त्याच नावाचं पाणी आणि सोडा निघाला, आणि पाण्याच्या नावावर आयपीएलचे क्रिकेटपटू टीव्हीवर नाचले. पाण्याच्या बाटलीसाठी एवढा नाच कोण करतं, हे घरातल्या पोरांनाही कळत होतं.

२००३ पासून कॅलेंडर निघालं. समुद्रकिनारा, पोहण्याचे कपडे, दर महिन्याला एक तरुणी. छायाचित्रकार अतुल कसबेकर. कतरिना कैफ, दीपिका पदुकोण या पुढे मोठ्या झालेल्या नट्या सुरुवातीच्या काळात त्यात झळकल्या. त्या मुलींना आम्ही दोष देणार नाही, त्यांना काम मिळालं. पण कॅलेंडरवर बिअरचा थेंब नसताना बिअरच विकायची, आणि त्यासाठी बाईचं अंग वापरायचं, हे आम्हाला खटकतं. आपल्याकडे बायका आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद पाडतात, पण भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी मतपेटी नसते.

२००५ मध्ये त्याच नावाची विमानं उडाली. लाल पोशाखातल्या हवाई सुंदऱ्या, आणि पडद्यावर खुद्द मल्ल्या प्रवाशांचं स्वागत करताना. विमान कंपनी तोट्यात गेली. २०१२ मध्ये पगार थकले म्हणून कर्मचाऱ्यांनी संप केला आणि त्याच वर्षी विमानं थांबली. मालकाच्या मेजवान्यांचे फोटो बिअरला जितके उपयोगी पडले होते, तितकेच आता ते पगाराविना बसलेल्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. बँकांचं देणं व्याजासकट नऊ हजार कोटींच्या घरात गेलं. मार्च २०१६ मध्ये मल्ल्या देशाबाहेर गेले, आणि जानेवारी २०१९ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना फरार आर्थिक गुन्हेगार ठरवलं. गोव्यात कांदोळीचा त्यांचा बंगला बँकांनी २०१७ मध्ये विकला, तोही एका सिनेनटाला.

बिअरचं मात्र काही बिघडलं नाही. २०२१ मध्ये कंपनीचा ताबा हायनेकेन या डच कंपनीकडे गेला. दुसऱ्याच वस्तूच्या आडून केलेल्या अशा जाहिरातींवर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बंदी घातली. खंड्या अजून बाटलीवर आहे आणि सोड्याच्या बाटलीवरही आहे. पुढच्या वेळी दुकानात तो सोडा दिसला, तर पोरांना त्याची ही गोष्ट सांगा.