उल्मच्या टेकडीवरून पवईत

1966 साली जर्मनीतल्या उल्म शहरातल्या डिझाइन शाळेत व्हिक्टर पापानेक व्याख्यान द्यायला आला. अमेरिकेत शिकवणारा हा डिझायनर आपल्या कामाची चित्रे पडद्यावर दाखवू लागला. त्यातली एक वस्तू पाहून जवळजवळ सगळे प्राध्यापक उठून निघून गेले. विद्यार्थी मात्र बसून राहिले. ही हकिगत पापानेकनेच पुढे लिहून ठेवली आहे.

ती वस्तू म्हणजे एक रेडिओ. फळांच्या रसाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात मेण आणि वात. वात पेटवली की तिच्या उष्णतेतून रेडिओ चालण्यापुरती वीज तयार व्हायची. मेण संपले तर कागद घाला, वाळलेले शेण घाला, जळेल ते काहीही घाला. हवे ते स्टेशन लावायची सोय त्यात नव्हती. पण ज्या मुलखात एकच केंद्र ऐकू येते तिथे त्या सोयीचे कामच काय? घरगुती उद्योगातून बनवला तर खर्च अवघा नऊ सेंट. यातले इलेक्ट्रॉनिक्सचे काम पापानेकच्या एका विद्यार्थ्याने, पदवीच्या उंबरठ्यावर असताना, केले होते.

उल्मच्या प्राध्यापकांना डबा कुरूप वाटला. निदान रंग तरी द्यायचा, असे त्यांचे म्हणणे. पापानेकने नकार दिला. रंगाने किंमत वाढली असती, आणि परक्या लोकांवर आपली आवड लादायचा हक्क आपल्याला नाही, असे तो मानत होता. इंडोनेशियात तो रेडिओ पोहोचला तेव्हा तिथल्या लोकांनी त्यावर रंगीत कापड, काचेचे तुकडे आणि शिंपले चिकटवून तो आपापल्या पद्धतीने सजवला. या वादात पापानेकची बाजू खरी होती. तरीही उल्मच्या मास्तरांना रूपाचे एवढे वेड का होते, हे समजून घ्यायला हवे.

नाझींविरुद्ध पत्रके वाटली म्हणून 1943 मध्ये हान्स आणि सोफी शोल या भावंडांना मृत्युदंड झाला. त्यांची बहीण इंगे शोल, ओटल आयशर आणि वास्तुकार माक्स बिल यांनी मिळून 1953 मध्ये उल्मची शाळा सुरू केली. भग्न झालेल्या देशात रोजच्या वापराच्या वस्तू प्रामाणिकपणे बनवणे हे त्यांना लोकशाही पुन्हा उभी करण्याचेच काम वाटत होते. टेकडीवरची इमारत 1955 मध्ये उघडली. पैसा मात्र तोकडाच होता. त्या टंचाईतून बिल आणि हान्स गुगेलोट यांनी तीन फळ्या आणि एक गोल दांडी यांचे स्टूल केले. उभे ठेवले तर एका उंचीची बैठक, आडवे केले तर दुसऱ्या उंचीची. उलटे धरले की त्यात पुस्तके भरून दांडीने उचलता येत, आणि एकावर एक रचली की मांडणी तयार. विद्यार्थी ते हातात घेऊन वर्गावर्गात हिंडत. मला विचाराल तर त्या शाळेचा सगळा अभ्यासक्रम त्या स्टुलात होता.

बिल शाळा सोडून गेल्यावर अर्जेंटिनाहून आलेल्या तोमास माल्दोनादोच्या प्रभावाखाली गणित, मानवी शरीराची मापे, उत्पादनपद्धती असे विषय अभ्यासाच्या केंद्रस्थानी आले. हान्स रोएरिश्ट या विद्यार्थ्याने 1958-59 मध्ये पदविकेसाठी हॉटेले आणि खानावळींकरिता भांड्यांचा संच केला. कप, बशा, वाडगे, किटल्या अशा वेगवेगळ्या वस्तूंचे व्यास आणि कडा त्याने अशा जुळवल्या की त्या एकमेकींवर घट्ट बसाव्यात, कपाट कमी लागावे, धुणे सोपे जावे. टीसी 100 नावाचा हा संच रोझेनथाल कंपनीच्या थोमास कारखान्याने बाजारात आणला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही तो आहे. विद्यार्थ्याच्या परीक्षेसाठी केलेले काम असंख्य उपाहारगृहांत रोज वापरले गेले.

उल्मची शाळा 1968 मध्ये बंद पडली. राज्य सरकारने अनुदान रोखले आणि आतले मतभेदही विकोपाला गेले होते.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून तिथे गेलेले सुधाकर नाडकर्णी त्याआधीच, 1966 मध्ये, तिथली पदविका घेऊन परतले होते. काही काळ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत काम केल्यावर त्यांनी पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर उभे केले. साल 1969. कलाशाळेत घडलेल्या माणसाने इंजिनिअरांच्या आवारात डिझाइनचा वर्ग भरवला. इंजिनिअरिंग किंवा वास्तुकला शिकलेली मुले इथे पुढच्या शिक्षणाला येऊ लागली. भारताच्या दृष्टीने ही जागेची निवड फार मोलाची ठरली, असे माझे ठाम मत आहे. यंत्र कळणाऱ्याला ते वापरणाराही कळायला हवा, ही उल्मची शिकवण इथे कारखान्याच्या आणि प्रयोगशाळेच्या शेजारीच रुजली.

तिचे सर्वांत मोठे फळ प्रत्येक मतदाराने हाताळले आहे. 1988-89 च्या सुमारास सेंटरचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी मतदान यंत्राचे बाह्य रूप घडवले. वाचता न येणाऱ्याला चिन्ह ओळखून शेजारचे निळे बटण दाबता यावे, मत पडल्याची खूण दिव्याने आणि आवाजाने मिळावी. गावात वीज नसली तरी यंत्र बॅटरीवर चालावे. अधिकाऱ्याजवळचा भाग आणि मतदारापुढचा भाग वेगळे, पाच मीटर केबलने जोडलेले, म्हणजे एका वेळी एकच मत सोडता येते आणि गुप्तताही टिकते. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत सर्व 543 मतदारसंघांत हीच यंत्रे वापरली गेली.

लिपीचे कामही याच छपराखाली झाले. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी इथे शिकवत. संगणकावर देवनागरी वाचताना अनेक वर्षे डोळ्यांपुढे आलेला ‘मंगल’ फाँट त्यांचा. देवनागरी र आणि रोमन आर एकत्र आणणारे रुपयाचे चिन्ह 2010 मध्ये मंजूर झाले, ते करणारे उदय कुमार हे इथलेच पीएच.डी.चे विद्यार्थी, विषय तमिळ अक्षररचना.

बारावीनंतर पवईत डिझाइनच्या पदवीचा अभ्यासक्रम 2015 पासून आहे. त्याची यूसीड ही प्रवेशपरीक्षा विज्ञान, वाणिज्य, कला अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. घरात मोडलेली वस्तू उघडून बसणारे आणि वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढणारे मूल असेल, तर त्याला या परीक्षेबद्दल जरूर सांगा.