निदान आणि निवेदन : फॅनी बर्नीच्या एका पत्राच्या निमित्ताने

इंग्रजी कादंबरीच्या अभ्यासकांना फॅनी बर्नी ठाऊक असते ती ‘इव्हलिना’मुळे (१७७८). तिने १८१२ साली पॅरिसमधून आपली बहीण एस्थर हिला लिहिलेले दीर्घ पत्र मात्र आपल्या वर्गांत क्वचितच पोहोचते. ३० सप्टेंबर १८११ रोजी तिचा उजवा स्तन कापून काढण्यात आला, त्याची ही हकिकत. ईथरची भूल यायला अजून पस्तीस वर्षे होती. लिहून झाल्यावर हे पत्र पुन्हा वाचण्याचे धैर्यही तिला झाले नाही. पत्राची चर्चा होते ती बहुधा त्यातील वेदनेसाठी, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु मला त्यात अधिक बोलका वाटतो तो निदानाचा प्रश्न. रोग ओळखला कसा, आणि तो तिला सांगितला कोणी?

त्या काळी ओळखण्याची साधने म्हणजे वैद्याची बोटे व त्याचा अनुभव. हाताला लागणारी गाठ, तिचा कठीणपणा, वाढ, वेदना, एवढ्यावरच निर्णय होई. बर्नीला तपासणाऱ्यांत नेपोलियनच्या सैन्यातील विख्यात शल्यविशारद लारे होते, द्यूब्वा होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी काळ्या पोशाखातील सात पुरुष तिच्या खोलीत आले. तिच्या चेहऱ्यावर रुमाल टाकण्यात आला. तो इतका तलम होता की तिला सारे दिसत होते. द्यूब्वांनी हवेत बोटाने एक उभी रेघ ओढली, मग एक फुली, मग वर्तुळ. संपूर्ण स्तन जाणार, हे तिला कळले ते या मूक खुणेवरून!

बर्नी पुढे १८४० पर्यंत जगली. म्हणूनच तो खरोखर कर्करोग होता का, अशी शंका घेतली जाते, आणि ती फिटणे शक्य नाही. गाठींची सूक्ष्मदर्शकाखालील रचना मांडणारा योहानेस म्यूलरचा ग्रंथ १८३८ मध्ये निघू लागला. बर्लिनच्या अल्बर्ट सालोमनने १९१३ मध्ये काढून टाकलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे क्ष-किरण चित्रण प्रसिद्ध केले. मॅमोग्राफीचे मूळ तिथे आहे.

पण साधने सुधारली म्हणून निवेदन सुधारले असे झाले नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत दीर्घकाळ अशी रीत होती की रुग्णेला भूल द्यायची, गाठीचा तुकडा गोठवून तत्काळ तपासायचा, आणि कर्करोग दिसताच ती शुद्धीवर येण्यापूर्वीच स्तन काढायचा. आपल्याला काय झाले आहे हे तिला जागी झाल्यावर, छातीवरच्या पट्ट्यांवरून कळे. बर्नीला निदान तलम रुमाल तरी होता, असे म्हणावेसे वाटते. पत्रकार रोझ कुशनर यांनी १९७४ मध्ये स्वतःच्या बाबतीत ही रीत नाकारली. निदान आधी, निर्णय नंतर, हा त्यांचा आग्रह होता. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने तो मान्य केला. आज सुईने काढलेल्या नमुन्याचा अहवाल आल्यावरच उपचारांची चर्चा होते.

बोटे मात्र कालबाह्य झालेली नाहीत. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग अलीकडच्या टप्प्यावर सापडला. पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तशी घट दिसली नाही.