पाचशे पौंडांची खिडकी

दिवाळीच्या अंकात मृत्युशय्येची गोष्ट काढतो आहे, वाचकांनी राग मानू नये. २००९ साली माझे वडील शेवटच्या दुखण्यात पडले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता करण्यासारखे काही उरले नाही. घरी न्या." आम्ही त्यांना घरी आणले. वारा बाधेल म्हणून उशाजवळची खिडकी लावून घेतली. वेदना असह्य होऊन ते ओरडले, की मग इंजेक्शन देणाऱ्याला बोलवायला धावत असू. हीच रीत, असे आम्हांला वाटे.

ही रीत चुकीची आहे, हे एका इंग्रज बाईने कितीतरी आधी दाखवून दिले होते. सिसिली सॉन्डर्स हे त्यांचे नाव. जन्म १९१८ चा. ऑक्सफर्डचे शिक्षण अर्ध्यावर टाकून महायुद्धाच्या काळात त्या लंडनला परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, तेव्हा रुग्णांच्या घरच्या अडचणी पाहण्याचे काम त्यांनी पत्करले. त्यात डेव्हिड तास्मा हा रुग्ण भेटला. वॉर्साहून आलेला हा ज्यू निर्वासित हॉटेलात वाढप्याचे काम करी. कर्करोग बळावलेला, जवळचे कोणी नाही. बाई त्याच्यापाशी जाऊन बसत. मरणाऱ्या माणसांसाठी एक घर असावे, ते कसे असावे, अशी दोघांची बोलणी होत. १९४८ च्या फेब्रुवारीत तो गेला. जाताना त्याने बाईंसाठी पाचशे पौंड ठेवले. तुमच्या त्या घरातली एक खिडकी मी होईन, असे तो सांगून गेला होता.

घर उभे राहायला १९ वर्षे लागली. मधल्या काळात बाईंनी एका रुग्णालयात पाहिले, की तेथील परिचारिका मॉर्फिन घड्याळाच्या ठोक्यावर देतात. रोग्याने कण्हण्याची वाट पाहत नाहीत. पहिल्या मात्रेचा असर ओसरण्यापूर्वी दुसरी दिली, की वेदनेला डोके वर काढता येत नाही आणि माणूस शुद्धीवर राहून घरच्यांशी बोलू शकतो. हे जगाला पटवायचे म्हणून तिशी उलटल्यावर त्या वैद्यक शिकल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. वेदना केवळ शरीराची नसते. काळजीची, एकटेपणाचीही असते, हे त्यांनी ठासून सांगितले. १९६७ साली दक्षिण लंडनमध्ये त्यांचे सेंट क्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. तास्माची खिडकी तेथे आहे. २००५ साली बाईंनी डोळे मिटले, तेही त्याच घरात.

आपल्याकडे १९८६ मध्ये डॉ. डिसूझा यांनी मुंबईत वांद्र्याला 'शांती अवेदना सदन' काढले. भारतातले असे हे पहिले घर. माझे वडील गेले तेव्हा त्याला २३ वर्षे झाली होती. आम्हांला त्याचा पत्ताही नव्हता.

गेल्या वर्षी शेजारच्या काकू अशाच अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाच्या वेळा मी त्यांच्या मुलाला वहीत आखून दिल्या. मग दोघांनी मिळून काकूंची खाट खिडकीशी सरकवली. दिवाळीत आमच्या ओसरीवरचा आकाशकंदील त्यांना तेथून दिसत होता.