होमरूलचे बॅरिस्टर : काका बॅप्टिस्टा

आयर्लंडच्या होमरूलचा मंत्र महाराष्ट्रात रुजविणाऱ्यांत बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांचे स्थान अग्रभागी आहे. १७ मार्च १८६४ रोजी मुंबईतील माझगावी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिकत असता त्यांच्या मनावर आयरिश चळवळीचा खोल ठसा उमटला. संघटित पक्षाच्या बळावर पार्नेलने ब्रिटिश पार्लमेंटला आयर्लंडच्या मागणीची दखल घ्यावयास लावली होती. तोच सनदशीर मार्ग बॅप्टिस्टांना हिंदुस्थानासाठी उचित वाटला.

लोकमान्य टिळक मंडालेहून १९१४ मध्ये परतल्यावर या विचाराला बळ आले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावी होमरूल लीग स्थापन झाली आणि अध्यक्षपद बॅप्टिस्टांकडे आले. योगायोग असा की, त्याच महिन्यात डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. आयर्लंडचा धीर सुटत असताना येथे मात्र सभा, व्याख्याने व सभासदनोंदणी यांवर भर राहिला. १९१७ मध्ये ही मागणी घेऊन बॅप्टिस्टा विलायतेस गेले.

स्वराज्य केवळ सुशिक्षितांचे नसावे, ही त्यांची जाण १९२० मध्ये कृतीत उतरली. आयटक या कामगार महासंघाच्या संस्थापकांत ते होते. १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद त्यांना लाभले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

कर्मठ ब्राह्मण कुळातील टिळकांनी लीगची धुरा एका ख्रिस्ती बॅरिस्टरच्या हाती विश्वासाने सोपविली, यातच त्या राष्ट्रीयत्वाची व्याप्ती दिसते. महाराष्ट्रापासून दूर, ग्वाल्हेरीत मराठीपण जपणाऱ्या वाचकांनी हा वारसा विसरू नये.