राजमार्गावरची नावे

मेक्सिको सिटीपासून सांता फेपर्यंत सुमारे २,५६० किलोमीटर जाणाऱ्या जुन्या वाटेचे नाव ‘कामिनो रेआल दे तिएर्रा आदेंत्रो’, म्हणजे आतल्या मुलखाचा राजमार्ग. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात आज या वाटेच्या कडेकडेने सायकलस्वारांचे गट जातात. मोटारीतून हा मुलूख नुसता वैराण दिसतो. सायकलवर मात्र पहिला प्रश्न पाण्याचा पडतो आणि या रस्त्याचा इतिहासही तिथूनच उलगडू लागतो.

१५४६ साली साकातेकास येथे चांदी सापडली आणि खाणींमागोमाग रस्ता उत्तरेकडे सरकत गेला. १५९८ मध्ये हुआन दे ओन्यातेने तो रिओ ग्रांदे ओलांडून आजच्या न्यू मेक्सिकोत नेला. त्याच्याबरोबर सैनिक, वसाहतीसाठी निघालेली कुटुंबे, गाड्या आणि हजारो जनावरे होती. एवढ्या लवाजम्याने नदीचा काठ सोडू नये. पण लास क्रूसेसच्या उत्तरेला नदी पश्चिमेकडे वळसा घेते आणि तिचा काठ गाड्यांना अवघड होतो. म्हणून वाट सुमारे १४५ किलोमीटर जवळजवळ निर्जळ मैदानातून सरळ जाते. या टप्प्याला ‘होर्नादा देल मुएर्तो’ म्हणतात. होर्नादा म्हणजे आपली मजल; ही मेलेल्या माणसाची मजल. इन्क्विझिशनच्या कैदेतून पळालेला जर्मन व्यापारी बेर्नार्दो ग्रुबर १६७० मध्ये येथे मेला, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. दक्षिण टोकाच्या रोब्लेदो डोंगराला ओन्यातेच्या तांड्यात मरण पावलेल्या पेद्रो रोब्लेदोचे नाव आहे.

उत्तर टोकाला सोकोरो. तहानभुकेने गांजलेल्या तांड्याला तेइपाना गावच्या पिरो लोकांनी मका दिला; म्हणून ‘सोकोरो’, म्हणजे मदत. मरणाऱ्यांची नावे नकाशावर राहिली, मिळालेल्या मदतीचेही नाव राहिले. देणाऱ्यांच्या गावाचे नाव मात्र अभ्यासकांपुरतेच उरले.

वाटही मुळात स्थानिकांच्याच पायांनी मळलेली. स्पॅनिश येण्याच्या कित्येक शतके आधी दक्षिणेकडचे मकाव पोपट आणि त्यांची पिसे व्यापारातून चाको खोऱ्यापर्यंत पोहोचत होती. राजाचे नाव नंतर चढले.

पुढची हकीकत कडू आहे. १५९९ मध्ये आकोमा गाव उद्ध्वस्त केल्यावर ओन्यातेने पंचविशीपुढच्या पुरुषांचा एकेक पाय तोडण्याची शिक्षा फर्मावली. १६८० मध्ये पोपेच्या नेतृत्वाखाली पुएब्लो लोकांनी उठाव केला, तेव्हा वाचलेले स्पॅनिश याच राजमार्गाने एल पासोकडे पळाले. अनेक पिरोही त्यांच्याबरोबर गेले आणि त्यांची गावे ओस पडली. १६९२ मध्ये स्पॅनिश सत्ता परतली, तीही याच वाटेने.

२००० मध्ये अमेरिकेने आपल्याकडच्या सुमारे ६५० किलोमीटरांना राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा दिला. २०१० मध्ये मेक्सिकोतील भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. वारसा ठरला, पण कोणाचा, हा प्रश्न सुटत नाही. आजचा सायकलस्वार पाणी बरोबर घेऊन ही मजल मारतो. १५९८ च्या तांड्याची भिस्त पुढच्या गावावर होती. त्या गावाचे नाव तेइपाना. सोकोरोच्या पाटीशी थांबणाऱ्याला निदान तेवढे ठाऊक असावे.