जीर्णोद्धार, कॅम्पर व्हॅनचा (फोक्सवागेन टाइप २)

जुन्या कॅम्पर व्हॅनचा पत्रा, रंग, काचा-रबरे व आतले लाकूडकाम मूळ घडणीला धरून पुन्हा उभे करण्याचे काम. प्रस्तुत नोंद फोक्सवागेन टाइप २ या जर्मन गाडीपुरती आहे.

डच आयातदार बेन पॉन यांनी एप्रिल १९४७ मध्ये वहीत काढलेल्या एका साध्या रेखाटनात या गाडीची कल्पना प्रथम दिसते. मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबुर्ग येथे उत्पादन सुरू झाले आणि १९५६ मध्ये ते हानोफरला गेले. दुभागी काचेची पहिली पिढी (टी-१) जर्मनीत १९६७ पर्यंत, तर अखंड काचेची दुसरी (टी-२) १९६७–७९ या काळात निघाली. ब्राझीलमध्ये मात्र उत्पादन २०१३ पर्यंत चालू राहिले. गाडीत राहण्याची सोय करून देणारे कारागीर वेगळे होते : जर्मनीत वेस्टफालिया (१९५१ ची ‘कॅम्पिंग बॉक्स’ हा तिचा आरंभ), इंग्लंडमध्ये फोकस्टनची डॉर्मोबिल व सिडमथची डेव्हन. एकाच सांगाड्याची आतली रचना त्यामुळे निरनिराळी आढळते. दुरुस्तीपूर्वी गाडी कोणाच्या हातची हे ठरवणे अगत्याचे ठरते. बऱ्याच गाड्यांत आत बसवलेली छोटी ‘एम-प्लेट’ इथे उपयोगी पडते. रंग, उत्पादनाचा काळ व कारखान्यात बसवलेले खास भाग तिच्यावर सांकेतिक आकड्यांत कोरलेले असतात. जुना पत्रा कापून टाकताना ही पट्टीही भंगारात जाण्याचा धोका असतो. ती आधी उतरवून जपावी.

पत्राकाम : जीर्णोद्धाराचे यश येथेच ठरते. गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाच्या दोन लांब तुळया, त्यांवरचे आडवे पट्टे, बाजूंना निघालेले आधार आणि दारांखालचे उंबरे (सिल) एकमेकांना जोडूनच सांगाडा बनतो. उंबरा एकामागे एक पत्र्यांचा पोकळ डबा असतो. आतला पत्रा कुजला तरी बाहेरचा काही काळ धड दिसतो. बाहेर रंगाखाली फोड दिसू लागले की आत बहुधा जाळी झालेली असते. नुसता बाहेरचा पत्रा बदलून वर लांबी भरणे ही फसवणूक होय, कारण भार आतल्या पत्र्यांवरही असतो.

पाणी वरून येते. छपराच्या पन्हळीची भेग, कडक झालेले खिडकीचे रबर, झडपांच्या काचांची सैल चौकट यांतून झिरपलेले पाणी भिंतीच्या आतून उंबऱ्यापर्यंत उतरते. चाकांनी उडवलेला चिखल तळाच्या कोनाड्यांत साचतो आणि युरोपातील हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ गंजाला वेग देते. कॅलिफोर्निया, ॲरिझोना अशा कोरड्या प्रदेशांतील सांगाड्यांना मागणी असते ती यामुळे. याशिवाय बॅटरीखालचा पत्रा (आम्लामुळे), पुढच्या चाकांच्या कमानी, केबिनच्या पायऱ्या आणि टी-२ मध्ये समोरच्या काचेचे खालचे कोपरे हमखास तपासावेत.

उंबरे कापण्यापूर्वी सांगाड्याला आतून लोखंडी टेकू द्यावे लागतात. नाहीतर गाडी मधोमध खचते व दारे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. दारे जागेवर ठेवून फटी मोजत जावे. दोन्ही बाजू एकदम उघडू नयेत. पातळ पत्र्याला सलग वेल्डिंग दिल्यास तो तापून लाटा येतात. म्हणून एक टाका इथे, दुसरा दूर, मध्ये थंड होऊ देणे, असे सावकाश जावे लागते. मूळ कारखान्याचे स्पॉट-वेल्ड जिथे होते तिथे भोके पाडून ती वेल्डने भरल्यास जोड मूळच्यासारखा दिसतो. नव्याने बनणारे पत्रे कितपत बसतात याबाबत कारागिरांची मते भिन्न आहेत. कापण्याआधी कोरडे लावून पाहणे सर्वांनाच मान्य आहे. जुना पत्रा शक्य तेवढा राखावा, हे मात्र आग्रहाने नोंदवले पाहिजे. चांगल्या पत्र्यापर्यंत कापावे, त्यापुढे नाही.

वाळूच्या जोरदार माऱ्याने छप्पर व बाजूंचे सपाट पत्रे वाकतात. तेथे हाताने किंवा सौम्य माध्यमाने रंग काढावा. काम पुरे झाल्यावर पोकळ भागांत मेण फवारतात. ही पायरी गाळली तर काही वर्षांत पुन्हा कटर हाती घ्यावा लागतो.

रंग : कारखान्याच्या रंगांना ‘एल’ने सुरू होणारे क्रमांक आहेत. उदा., एल-३१ हा कबुतरी निळा. दुरंगी गाडीत दोन रंगांची सीमा पत्र्याच्या उठावदार रेषेवर येते. ती रेषा लांबीखाली बुजली की गाडीचा चेहराच जातो. आजच्या दोन घटकांच्या रंगांतील आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असल्याने बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालूनच फवारावे. जुना रंग झिजलेला तसाच ठेवावा की नव्याने द्यावा, याबाबत मतभेद आहेत.

अंतर्गत सज्जा : प्लायवूडची कपाटे, घडीचा पलंग, बर्फाची पेटी, हातपंपाचा नळ. शेगडीची जुनी गॅस-नळी पुन्हा वापरू नये.

मूळपणा व नोंदणी : जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ याच्या व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षांचे असावे लागते. जर्मनीतील ‘एच’ क्रमांकपट्टीलाही हीच वयोमर्यादा आहे. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो (नवी नोंदणी २०,००० रु., मुदत १० वर्षे). अट अशी की वाहन मूळ रूपात असावे आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसावा. म्हणून प्रत्येक पत्रा काढण्याआधी व बसवल्यावर छायाचित्र घ्यावे आणि कापलेल्या तुकड्यांवर जागेचे नाव लिहून ते काम संपेपर्यंत ठेवावेत.